पाळकांचा झगा

उपासनेच्या वेळीं पाळक जो लांब झगा घालतात, तो अहरोनाच्या याजकीय वस्त्रांपासून आला, असें पुष्कळांस वाटतें. निर्गमाच्या २८ व्या अध्यायांत एफोद, बारा रत्नांचा उरपट व काठास सोन्याचीं घुंगरें लावलेला झगा यांचें वर्णन आहे, तेव्हां असें वाटणें साहजिकच आहे. परंतु इतिहास निराळें सांगतो. हा पोशाख यरुशलेमाच्या मंदिरांतून नव्हे, तर रोमच्या रस्त्यांतून आला. तेथील लोकांचा पांढरा, पायघोळ अंगरखा म्हणजेच आजचें आल्ब. आणि पावसापाण्यांत प्रवासी जें जाड वस्त्र पांघरीत, त्याचें चॅझुबल झालें. त्या शब्दाचा मूळ लॅटिन अर्थ ‘लहानसें घर’ असा आहे. आपल्याकडील धनगराची घोंगडीची खोळ डोळ्यांपुढें आणावी, म्हणजे हा अर्थ पटेल. पुढें लोकांची राहणी बदलली, आंखूड कपडे आले. वेदीपाशीं मात्र जुनाच पोशाख राहिला आणि कालांतरानें तो पवित्र मानला गेला.

खांद्यावरून सोडलेला पट्टा, ज्यास स्टोल म्हणतात, तो आपल्या उपरण्यासारखा दिसतो. त्याचा रंग मंडळीच्या वर्षाप्रमाणें बदलतो: आगमनकाळीं व उपवासकाळीं जांभळा, नाताळांत व पुनरुत्थानदिनीं पांढरा, पन्नासाव्या दिवशीं तांबडा, एरवीं हिरवा.

या वस्त्रांवरून तंटेही थोडे झाले नाहींत. इंग्लंडांत जॉन हूपर यांनीं बिशपपदाचीं वस्त्रें नाकारलीं, म्हणून १५५१ सालीं त्यांस तुरुंगांत जावें लागलें. अखेर त्यांनीं तीं घातलीं. असा आक्षेप घेणाऱ्या प्युरिटनांच्या परंपरेंतलेंच अमेरिकन मराठी मिशन १८३१ सालीं, भिंगारहून हाकेच्या अंतरावर, अहमदनगरास आलें. त्याच्या मंडळ्यांत याजकीय वस्त्रांचें स्तोम नव्हतें. मागाहून आलेल्या एस. पी. जी. मिशनची रीत इंग्लंडची, म्हणजे काळा कॅसक व त्यावर पांढरें सरप्लिस. १९७० सालीं चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालें, तेव्हां या दोन्ही परंपरा एकत्र आल्या.

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनीं तिसरीच वाट धरली. नगरास दीर्घकाळ सेवा केल्यावर १९१७ सालीं त्यांनीं मिशनची नोकरी सोडली व भगवीं वस्त्रें घेतलीं. प्रस्तुत लेखकास हें पाऊल झग्याच्या सर्व वादांहून मोलाचें वाटतें. रोमच्या वाटसरूची खोळ जर वेदीपाशीं चालली, तर महाराष्ट्रांतील संन्याशाचें वस्त्र कां चालूं नये? ज्यांस हा प्रश्न केवळ पुस्तकी वाटतो, त्यांनीं वैशाखांत काळा कॅसक घालून नगरच्या एखाद्या देवळांत तासभर उभें राहून पाहावें.