उजव्या सीटवरचे दीड हजार तास

सेस्ना १७२ मध्ये हॉब्ज मीटर नावाचा लहानसा काउंटर असतो. इंजिन सुरू झालं की तो तासाचे दशांश मोजू लागतो. अमेरिकेत एअरलाइनची नोकरी धरू पाहणाऱ्या तरुण वैमानिकाची नजर त्यावरून हलत नाही. १,५०० तास भरल्याशिवाय जेटची सीट नाही.

कमर्शियल लायसन्स २५० तासांवर मिळतं. उरलेले साडेबाराशे स्वतः विमान भाड्याने घेऊन उडवायचे तर कर्जात बुडायचं. म्हणून कुणी किनाऱ्यावरून जाहिरातींचे फलक ओढतं, कुणी स्कायडायव्हिंगवाल्यांना वर नेऊन सोडतं. बरेच जण प्रशिक्षक होतात. डावीकडे शिकाऊ, उजवीकडे हा. टेकऑफ, धावपट्टीभोवती फेरी, चाकं टेकली की पुन्हा टेकऑफ, दिवसभर तेच. विमान शिकाऊ उडवत असला तरी प्रशिक्षकाच्या लॉगबुकात ते तास ‘पायलट इन कमांड’ म्हणून चढतात. पैसे एकाचे, तास दोघांचे!

दीड हजार तासांच्या या अटीमागे एक अपघात आहे. १२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री बफेलोजवळ कोलगन एअरचं विमान एका घरावर कोसळलं. विमानातले ४९ आणि घरातला एक, असे ५० जण गेले. वेग घटला होता, स्टॉलचा, म्हणजे पंखांची उचल तुटण्याचा, इशारा देत कंट्रोल कॉलम थरथरला, आणि नाक खाली करायचं सोडून कॅप्टनने तो मागे ओढला. मृतांच्या नातेवाइकांनी पाठपुरावा केला, २०१० मध्ये कायदा झाला आणि २०१३ पासून सहवैमानिकालाही १,५०० तासांची अट लागली. लष्करातून आलेल्याला ७५० पुरतात, विमानचालनाच्या पदवीधराला १,०००.

पण त्या कॅप्टनच्या नावावर ३,३०० हून अधिक तास होते, सहवैमानिकेच्या नावावर २,२०० हून अधिक. नवा नियम तेव्हा असता तरी कॉकपिटमध्ये तीच दोघं बसली असती. त्याच कायद्याने स्टॉलमधून सावरण्याचं प्रशिक्षणही सक्तीचं केलं. दुखण्यावरचं औषध खरं तर ते होतं. गाजला मात्र आकडा.

भारतात हिशोब वेगळा. बारामतीत किंवा गोंदियात शिकलेला मुलगा २०० तासांवर कमर्शियल लायसन्स घेतो आणि टाइप रेटिंग, म्हणजे त्या जातीच्या विमानाचं प्रशिक्षण, करून थेट एअरबसच्या उजव्या सीटवर बसू शकतो. इथे १,५०० तास लागतात ते कॅप्टन होण्यासाठीच्या लायसन्सला. म्हणजे अमेरिकेतला मुलगा फेऱ्या मारून जे तास जमवतो, तेच इथला मुलगा प्रवासी घेऊन, शेजारी बसलेल्या अनुभवी कॅप्टनच्या देखरेखीखाली भरतो.