कांदा टिकावा म्हणून



अरण्यात इस्राएली लोकांना मिसरातले कांदे आठवले (गणना 11:5). परभणीकडच्या आमच्या आंध कुटुंबांपुढे प्रश्न वेगळा आहे: पिकलेला कांदा भाव येईपर्यंत टिकवायचा कसा?

इथली काळी जमीन पाणी धरते, म्हणून लावण रुंद गादीवाफ्यावर बरी. दोन ओळींत 15 आणि दोन रोपांत 10 सेंटीमीटर अंतर ठेवावे. दाटीत कांदा बारीक राहतो. नत्राचा अर्धा हप्ता लावणीवेळी, उरलेला दीड महिन्याच्या आत. त्यानंतर पात हिरवीगार दिसावी म्हणून युरिया टाकण्याचा मोह होतोच! पण त्याने मान जाड होते, नीट वाळून मिटत नाही, आणि असा कांदा चाळीत सडतो. मग पडेल त्या भावाने विकावा लागतो. काढणीआधी दोन-तीन आठवडे पाणीही तोडावे.