घरातील वीजपेटी

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि कोकणातील कित्येक गावे अनेक दिवस अंधारात राहिली. अशा प्रसंगासाठी हल्ली हाताने उचलून नेता येईल अशी बॅटरीची पेटी बाजारात मिळते. दुकानदार तिला पॉवर स्टेशन म्हणतात. आपण वीजपेटी म्हणू.

जनरेटरच्या धुरात जीवघेणा कार्बन मोनॉक्साइड वायू असतो, म्हणून तो घरात लावता येत नाही. या पेटीला धूर नाही. मात्र तिच्यातील लिथियमचा सेल फार तापला, चेपला किंवा सदोष निघाला, तर आतल्या आत उष्णता वाढत जाते, पेट घेणारा व विषारी वायू बाहेर पडतो आणि एकामागून एक सेल पेटतात. लोह-फॉस्फेट जातीचे सेल त्यातल्या त्यात सोशिक. घेताना तेच मागावेत. स्वस्तातली जोडजमव पेटी आम्ही तरी घरात घेणार नाही.

पेटी टणक, कोरड्या जागी, भिंतीपासून थोडी दूर ठेवावी. तिच्यावर चादर टाकू नये, गादीवर ठेवू नये. चाळीतल्या एका खोलीत जागा कोठली, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. पण दार आणि जिना एवढे तरी मोकळे सोडावेत, कारण आग लागली तर बाहेर पडण्याची वाट तीच. पेटी फुगली, वास आला किंवा धूर निघाला, तर विझवत बसू नये. माणसे बाहेर काढावीत, दार ओढून घ्यावे आणि 101 वर कळवावे.

हिशेबही सोपा आहे. 500 वॅट-तासांच्या पेटीवर 75 वॅटचा पंखा व 10 वॅटचे दोन दिवे चार-साडेचार तास चालतात. थोडी वीज रूपांतरातच जाते. इस्त्री किंवा गिझर तिच्यावर लावू नये.

आता आमच्या जिव्हाळ्याची गोष्ट. काही हुशार मंडळी दोन्हीकडे पिना असलेली वायर करून पेटीची वीज भिंतीतल्या सॉकेटमधून घरभर खेळवतात. ती वीज मीटरमधून उलटी रस्त्यावरच्या तारेत जाऊ शकते. ट्रान्सफॉर्मर दोन्ही दिशांनी चालतो. 230 व्होल्टचे पलीकडे 11,000 होऊ शकतात. लाइन बंद आहे अशा समजुतीने खांबावर चढलेला लाइनमन त्या तारेला हात लावतो. त्याच्या घरीही त्या रात्री अंधारच असतो. घरच्या वायरिंगला पेटी जोडायचीच असेल, तर परवानाधारक वायरमनकडून चेंजओव्हर स्विच बसवून घ्यावा. नाहीतर पंखा सरळ पेटीलाच लावावा.