कुलपाची रचना सर्वांना ठाऊक असली, तर तिजोरी सुरक्षित राहील काय?

जालना जिल्ह्यातील भोकरदन तालुक्यात पिंपळगाव रेणुकाई हे गाव हिरव्या मिरचीच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध आहे. हंगामात परप्रांतांतील व्यापारीही तेथे खरेदीस येतात. मिरचीचे वजन होते, भाव ठरतो, आणि पूर्वी जेथे नोटा मोजल्या जात तेथे आता पुष्कळदा मोबाईलवर संदेश येतो. शेतकऱ्याच्या दृष्टीने संदेश आला म्हणजे पैसे आले. परंतु या एका संदेशामागे किती हात असतात याची कल्पना आपणांस क्वचितच असते. गावची बँक, तिला संगणक यंत्रणा पुरविणारी कंपनी, त्या कंपनीला साहाय्य करणारी दुसरी कंपनी आणि या सर्वांना जोडणारे मुंबईचे राष्ट्रीय देयक महामंडळ अशी ही साखळी आहे.

३१ जुलै २०२४ रोजी या साखळीचा एक दुवा जाणीवपूर्वक तोडण्यात आला. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस व भारतीय स्टेट बँक यांनी मिळून स्थापिलेली सी-एज टेक्नॉलॉजीज ही कंपनी मुख्यत्वे सहकारी व प्रादेशिक ग्रामीण बँकांना संगणक सेवा पुरविते. तिच्या काही यंत्रणांवर ‘रॅन्समवेअर’चा, म्हणजे माहिती कुलूपबंद करून सुटकेसाठी खंडणी मागणाऱ्या विषाणूचा, हल्ला झाल्याचे दिसताच देयक महामंडळाने तिला आपल्या जाळ्यातून अलग केले. देशभरातील सुमारे ३०० लहान बँकांचे व्यवहार त्यामुळे खोळंबले, असे वृत्तसंस्थांनी म्हटले होते. दुसऱ्या दिवशी सेवा पूर्ववत झाली. मोठ्या शहरांतील बँकांच्या ग्राहकांना याची फारशी झळ लागली नाही. झळ लागली ती लहान बँकांच्या खातेदारांना, आणि ते बहुतांशी ग्रामीण भागातले.

क्लाउडसेक या सायबर सुरक्षा संस्थेच्या संशोधकांनी नंतर जो शोध घेतला, त्यानुसार चोराने प्रवेश केला तो सी-एजच्या दाराने नव्हे, तर तिच्याशी जोडलेल्या एका साहाय्यक कंपनीच्या दाराने. त्या कंपनीच्या सर्व्हरवर ‘जेन्किन्स’ नावाचे सॉफ्टवेअर होते. नवीन आज्ञावली तयार करणे, तपासणे व कार्यान्वित करणे ही कामे ते आपोआप करते. जेन्किन्स हे ‘ओपन सोर्स’ म्हणजे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आहे. त्याची मूळ संहिता, म्हणजे संगणकाला दिलेल्या आज्ञांचा लेखी मसुदा, जगातील कोणीही वाचू शकतो.

येथे अनेकांच्या मनात साहजिक शंका येते. ज्या कुलपाची रचना चोरालाही वाचता येते, ते बँकेने वापरावेच कशाला?

ही शंका नवी नाही. १८८३ साली ऑगस्ट केर्कहॉफ्स या विद्वानाने लष्करी सांकेतिक लेखनाविषयी लिहिताना असे तत्त्व मांडले की, पद्धती शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये. गुप्त राहावी ती केवळ किल्ली. आजचे सांकेतिकीकरण याच तत्त्वावर उभे आहे. इंटरनेटवरील असंख्य सर्व्हर ज्या लिनक्सवर चालतात ते मुक्तस्रोत आहे, आणि आपल्या खिशातील अँड्रॉइड मोबाईलचा पायाही तोच आहे. तेव्हा ‘उघडे आहे म्हणून कच्चे आहे’ हे म्हणणे टिकत नाही.

उलट, झाकलेले म्हणून पक्के, हेही खरे नाही. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज प्रणालीची संहिता बंदिस्त असते. तरी १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ या विषाणूने जगभर हाहाकार माजविला. पुढच्याच महिन्यात, २७ जूनला, ‘नॉटपेट्या’ने मर्स्क या जहाज कंपनीची यंत्रणा ठप्प केली आणि आपल्या उरणजवळील जवाहरलाल नेहरू बंदरातील तिच्या समूहाच्या टर्मिनलचे काम विस्कळीत झाले. या दोन्ही विषाणूंनी ज्या दोषाचा लाभ घेतला त्यावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच प्रसिद्ध केली होती.

आता पुन्हा जेन्किन्सकडे वळू. त्यातील दोष मोठा बोधप्रद आहे. आज्ञेमध्ये ‘@’ हे चिन्ह आणि त्यापुढे एखाद्या फाईलचे नाव लिहिले की, त्या फाईलमधील मजकूर आपोआप आज्ञेत येत असे. सोय म्हणून ठेवलेली ही युक्ती होती. परंतु तिच्याद्वारे, स्वतःची ओळख न पटविताही, बाहेरचा मनुष्य सर्व्हरवरील फाईलींतील काही ओळी वाचू शकत होता; आणि अशा फाईलींत कधी कधी किल्ल्याच ठेवलेल्या असतात. बाहेरील संशोधकांनी हा दोष हेरला, तो कळविला, आणि २४ जानेवारी २०२४ रोजी दुरुस्त आवृत्ती विनामूल्य उपलब्ध झाली. जुलैपर्यंत सहा महिने हाती होते. संहिता खुली होती म्हणून दोष सापडला आणि निवारलाही गेला. मात्र त्या एका सर्व्हरपर्यंत दुरुस्ती पोहोचली नाही, कारण ती बसविणे हे कोणाचे तरी काम होते आणि ते झाले नाही. माझ्या मते या प्रकरणाचे मर्म येथे आहे. खुले की बंद हा वाद त्यापुढे गौण ठरतो.

मुक्तस्रोताचे कैवारी म्हणतात की, पाहणारे डोळे पुष्कळ असले की दोष लपत नाही. हे अर्धेच खरे आहे. पाहण्याची मुभा असणे आणि कोणी प्रत्यक्ष पाहणे यांत अंतर आहे. इंटरनेटवरील संभाषण सुरक्षित ठेवणाऱ्या ‘ओपन एसएसएल’मधील ‘हार्टब्लीड’ हा दोष २०१२ पासून सर्वांसमोर होता. तो उघडकीस आला एप्रिल २०१४ मध्ये. जगातील असंख्य संकेतस्थळे ज्यावर विसंबून होती, त्यावर पूर्णवेळ काम करणारा मनुष्य तेव्हा एकच होता!

त्याहून गंभीर प्रकार मार्च २०२४ मध्ये समोर आला. ‘एक्सझेड’ हे फाईली लहान करणारे साधे मुक्तस्रोत साधन आहे. ‘जिया टान’ या नावाने वावरणाऱ्या कोणीतरी दोनहून अधिक वर्षे निमूटपणे त्यात मदत केली, थकलेल्या मूळ संपादकाचा विश्वास मिळविला, आणि मग चाचणीच्या फाईलींत दडवून एक चोरदरवाजा बसविला. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या संगणकावर प्रवेश करताना सुमारे अर्ध्या सेकंदाचा विलंब खटकला आणि त्याने मुळापर्यंत जाऊन कट उघड केला. नॉटपेट्याही युक्रेनमधील हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अद्ययावत आवृत्तीतूनच पसरला होता. म्हणजे जी वाट औषधाची, तीच विषाचीही होऊ शकते.

मग इंटरनेटपासून दूर राहावे काय? २०१० साली उजेडात आलेला ‘स्टक्सनेट’ इराणमधील नतान्झच्या अणुकेंद्रात शिरला, आणि तेथील यंत्रे इंटरनेटला जोडलेली नव्हती. शिवाय पिंपळगावच्या शेतकऱ्याला परराज्यातील व्यापाऱ्याकडून पैसे हवे असतील तर जोडणी टाळणे शक्य नाही. संपूर्ण सुरक्षित अशी जोडलेली यंत्रणा नाही. दोष किती लवकर सापडतो, दुरुस्ती किती लवकर बसते आणि आग लागलीच तर ती एका खोलीत कोंडता येते का, यावरून यंत्रणेची पारख करावी. त्या जुलैतील बंद पडलेला दिवस त्रासाचा होता खरा. तथापि दुवा तोडला नसता तर काय पसरले असते याचाही विचार करावा.

खातेदारांसाठी एक नियम सांगितलाच पाहिजे. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी व्यापारी बँकांना, व त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सहकारी बँकांना, असे घालून दिले की, दोष बँकेचा नाही व ग्राहकाचाही नाही, यंत्रणेत अन्यत्र आहे, अशा वेळी बँकेकडून सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत ग्राहकाने तक्रार केली तर नुकसानीचा भार त्याच्यावर पडणार नाही. फसवणूक झाल्यास १९३० या राष्ट्रीय क्रमांकावरही ताबडतोब कळवावे.

आणि ज्यांचे सहकारी बँकेत भाग आहेत ते तर त्या बँकेचे सभासद आहेत. महाराष्ट्रात सहकारी संस्थांची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. तेथे लाभांशाविषयी नेहमीच विचारले जाते. आपली यंत्रणा कोण सांभाळतो, त्याच्या मागे आणखी कोण आहे, आणि शेवटची दुरुस्ती कोणत्या तारखेस बसविली, हेही सभासदाला विचारता येते.