लिनक्सवर आयएसओ फाइल उघडत नाही? डिलीट करण्याआधी हे तपासा

पर्लकोटा नदीचं पाणी पुलावर चढलं की भामरागडचा संपर्क तुटतो, ही दर पावसाळ्यातली बातमी. अशा ठिकाणी काही जीबींची फाइल डाउनलोड करणं किंवा आलापल्लीहून पेन ड्राइव्हवर आणणं सोपं नसतं. त्यामुळे आयएसओ उघडली नाही, तर आधी स्क्रीनवरचा मेसेज नीट वाचा.

आयएसओ म्हणजे काय?

सीडी-डीव्हीडीवरचा सगळा डेटा जसाच्या तसा एका फाइलमध्ये. सी-डॅकची 'बॉस' असो की उबुंटू, लिनक्स याच रूपात मिळतं. ती फाइल म्हणजे खरी डिस्कच आहे असं मानून एका फोल्डरला जोडणं, याला 'माउंट' करणं म्हणतात.

कोणत्या मेसेजचा अर्थ काय?

- परवानगी नाही: टर्मिनलमध्ये 'माउंट'च्या आधी 'सुडो' लिहा. किंवा फाइलवर राइट क्लिक करून 'डिस्क इमेज माउंटर' निवडा.
- माउंट पॉइंट नाही: ज्या फोल्डरला जोडायचं, तो आधी तयार करा.
- राइट-प्रोटेक्टेड: ही चूक नाही. आयएसओ फक्त वाचता येते, तिच्यात बदल करता येत नाही.
- राँग एफएस टाइप: इथे सावध व्हा. फाइल अर्धवट असेल किंवा मुळात आयएसओ नसेलच. नुसतं नाव बदलून फाइलचा प्रकार बदलत नाही. 'फाइल' ही कमांड खरा प्रकार सांगते.
- टार्गेट इज बिझी: काढताना हे दिसलं, तर त्यातला फोल्डर कुठेतरी उघडा आहे. तो बंद करा.

फाइल अर्धवट आहे हे कसं कळेल?

आधी साइज वेबसाइटवरच्या आकड्याशी जुळवा. मग 'एसएचए-२५६' चेकसम काढा. वेबसाइटवर दिलेल्या ओळीतलं एक अक्षर जरी जुळलं नाही, तरी फाइल बिघडलेली आहे.

पण दर वेळी पुन्हा पहिल्यापासून डाउनलोड करायची गरज नसते. अर्ध्यावर थांबलेलं डाउनलोड 'डब्ल्यूगेट'च्या 'सी' पर्यायाने पुढे सुरू होतं. टॉरेंट असेल तर 'रीचेक' करा, फक्त खराब तुकडे पुन्हा येतात.

पेन ड्राइव्हवर नेताना

पेन ड्राइव्ह 'फॅट-३२' प्रकारचा असेल, तर ४ जीबीहून मोठी फाइल त्यावर बसत नाही. तो 'एक्सफॅट'मध्ये फॉरमॅट करा, पण आधी त्यातला डेटा दुसरीकडे ठेवा. कॉपी झाल्यावर 'इजेक्ट' केल्याशिवाय उपसू नका.

आणि चेकसमची ओळ एका टेक्स्ट फाइलमध्ये सोबत न्या. मग नेटवर्क नसलं तरी फाइल गावातच तपासता येते.