स्मार्ट घड्याळ : सेकंद विकू नका, वेळ लावून द्या

"मोबाईलची वेळ बरोबर की या घड्याळाची?" स्मार्ट घड्याळ हातात घेणारे गिऱ्हाईक हा प्रश्न हमखास विचारते. विक्रेत्याला उत्तर देता आले नाही तर सौदा फिसकटतो. "हेच जास्त अचूक" असे ठोकून दिले, तर तेच गिऱ्हाईक पुढे तक्रार घेऊन दुकानात उभे राहते. म्हणून घड्याळाच्या धंद्यातील आपल्या बंधूंनी यातील मेख समजून घेतली पाहिजे.

अचूकता येते कोठून?

चावीच्या घड्याळाचे गणित जुन्या कारागिरांना तोंडपाठ आहे. स्वित्झर्लंडचे क्रोनोमीटर प्रमाणपत्र मिळालेले उत्तम घड्याळसुद्धा दिवसाला सरासरी ४ सेकंद मागे किंवा ६ सेकंद पुढे पडू शकते. सेलच्या घड्याळात क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. असे चांगले घड्याळ महिन्याला साधारण १५ सेकंद इकडेतिकडे होते.

मोबाईल आणि स्मार्ट घड्याळ यांच्या पोटातही स्फटिकच असतो. त्यांची खरी ताकद निराळी आहे. मोबाईल आपली वेळ नेटवर्क किंवा इंटरनेटवरून वारंवार दुरुस्त करून घेतो आणि स्मार्ट घड्याळ बहुधा मोबाईलकडून ती उचलते. ॲपल कंपनीने २०१५ साली आपले पहिले घड्याळ बाजारात आणताना ते जागतिक प्रमाण वेळेपासून ५० मिलिसेकंदांहून जास्त ढळणार नाही, असा दावा केला होता. ५० मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा विसावा भाग! पण लोकल पकडणाऱ्याला किंवा दुकान उघडणाऱ्याला त्याचा उपयोग काय? रोजच्या व्यवहारात दोन्ही सारखेच.

तक्रार आली तर

घड्याळ बरेच दिवस मोबाईलशी जोडलेले नसेल, तर ते केवळ स्फटिकाच्या भरवशावर चालते आणि हळूहळू ढळते. बॅटरी पूर्ण उतरल्यावर काही स्वस्त घड्याळांत वेळच चुकते. कधी दोष मोबाईलचा असतो. त्यात आपोआप वेळ घेण्याची सोय बंद असेल, तर चुकीची वेळ घड्याळातही उतरते. म्हणून घड्याळ उघडण्याआधी मोबाईल पाहा. पुष्कळ तक्रारी तेथेच मिटतात.

खरी चूक मिनिटांची

आपल्या गिऱ्हाइकांपैकी अनेकजण नमाजाच्या वेळा दिसाव्यात म्हणून हे घड्याळ घेतात. येथे सेकंदांचा प्रश्नच नाही. मुंबई आणि नागपूर यांच्या रेखांशात सुमारे सहा अंशांचा फरक आहे आणि एका अंशाला चार मिनिटे लागतात. म्हणजे नागपुरात सूर्य मुंबईच्या साधारण २५ मिनिटे आधी मावळतो. ऋतुमानाप्रमाणे त्यात थोडा बदल होतो. घड्याळात नागपूर आणि माणूस मुंबईत असेल, तर घड्याळ सेकंदाला पक्के असूनही रोजा वेळेआधीच सुटेल! तसेच असरची वेळ हनफी आणि शाफई पद्धतींत वेगवेगळी येते. कोकणातील बहुसंख्य मुस्लिम शाफई आहेत. तेव्हा शहर आणि पद्धत दोन्ही विचारूनच घड्याळ लावून द्यावे आणि स्थानिक मशिदीच्या वेळापत्रकाशी ताडून पाहण्यास सांगावे. रमजानमध्ये वेळापत्रक छापून वाटणाऱ्या दुकानदाराला हे काम नवे नाही.

अचूकतेच्या नावाखाली जादा दाम सांगू नका. मोबाईलची वेळ गिऱ्हाइकाच्या खिशात फुकट आहे. बॅटरी किती दिवस टिकते, पाणी कितपत सोसते, पट्टा आणि काच बदलून मिळते का, दुरुस्ती कोठे होते, हे स्पष्ट सांगा. सेलचे साधे घड्याळ एका सेलवर वर्ष-दोन वर्षे चालते, स्मार्ट घड्याळ मात्र वरचेवर चार्ज करावे लागते, हेही लपवू नका. घड्याळ कारखान्यात तयार होते. ते नीट लावून देण्याची पाच मिनिटांची सेवा मात्र आपल्याच हातात आहे. गिऱ्हाईक परत येते ते त्या सेवेसाठी.