कथाविश्वातील सातत्यदोष : अ‍ॅनिमेशनपट आणि त्यांच्या उपकथा



कथानक आणि कथाविश्व यांतील फरक आपण मागील उपघटकात पाहिला. कथानक एका कृतीपुरते असते. कथाविश्व मात्र त्या कृतीच्या बाहेरही उरते, आणि म्हणूनच त्यावर दुसरा कोणी पुढे लिहू शकतो. असे अनेक हातांनी, अनेक वर्षे लेखन होऊ लागले की दोन कृतींमध्ये एकाच घटनेविषयी न जुळणारी विधाने येतात. यालाच सातत्यदोष म्हणतात. उदाहरणे मुद्दाम मुलांच्या अ‍ॅनिमेशनपटांतून घेतली आहेत. एका संपर्कसत्रात एका विद्यार्थिनीने विचारले होते, “सर, माझी मुलगी विचारते, यातले खरे कोणते? मी तिला काय सांगू?” प्रश्न लहान मुलीचा असला तरी तो कथनमीमांसेच्या गाभ्याचा आहे.

‘द लायन किंग’ हा डिस्नेचा चित्रपट १९९४ साली प्रदर्शित झाला. त्याच्या अखेरीस सिंबा आणि नाला यांचे नवजात पिल्लू रफिकी उंच धरतो. त्या पिल्लाला नाव दिलेले नाही. त्याच वर्षीच्या एका पुस्तकमालेत सिंबाचा मुलगा येतो, त्याचे नाव कोपा. १९९८ साली आलेल्या ‘सिंबाज प्राइड’ या पुढील भागात मात्र ते पिल्लू कियारा नावाची मुलगी ठरते आणि कोपाचा उल्लेखही नाही. पुढे ‘द लायन गार्ड’ या दूरचित्रवाणी मालिकेत कियाराला कायॉन नावाचा धाकटा भाऊ मिळतो. मालिकेचा काळ १९९८च्या चित्रपटाच्या कथाकाळातच बसवलेला आहे, पण त्या चित्रपटात हा भाऊ कोठेही दिसत नाही. दिसणार कसा? तेव्हा तो कोणाच्या कल्पनेतही नव्हता. मालिकाकारांना ही अडचण ठाऊक असावी. २०१९मधील शेवटच्या भागांत कायॉन दूरदेशी गेलेला असतो आणि परत येतो तेव्हा चित्रपटातील मुख्य घटना घडून गेलेल्या असतात. गैरहजेरीला असे कारण पुरवणे ही डागडुजीच. पण कियाराच्या बालपणीच्या प्रसंगांत तो का नाही, हा प्रश्न तिने सुटत नाही.

यापेक्षा उद्बोधक उदाहरण सिंबाच्या काकाचे. इंग्रजीत ‘स्कार’ म्हणजे जखमेचा व्रण. मूळ चित्रपटात त्याच्या डोळ्यावर व्रण आहे आणि नावही तेच आहे. व्रण कसा झाला हे मात्र सांगितलेले नाही. अर्थवाही नाव स्वतःच एका कथेची मागणी करते. ती मागणी तीन वेळा, तीन प्रकारे पुरी झाली. १९९४च्या ‘अ टेल ऑफ टू ब्रदर्स’ या पुस्तकात व्रण रेड्यामुळे होतो; ‘द लायन गार्ड’मध्ये नागाच्या दंशाने; आणि २०२४च्या ‘मुफासा’ या चित्रपटात किरोस या पांढऱ्या सिंहाच्या पंजाने, तोही मुफासाला वाचवताना. हा शेवटचा चित्रपट २०१९च्या नव्या आवृत्तीची पूर्वकथा आहे. त्यात मुफासा हा बाहेरून आलेला, सांभाळलेला छावा असून दोघांत रक्ताचे नाते नाही. म्हणजे केवळ व्रण बदलला नाही, भावाने भावाला मारल्याच्या मूळ शोकांतिकेचा पायाच हलला.

आता प्रश्न असा की हे सर्व दोषच मानावेत काय? येथे ‘कोण सांगतो आहे’ हे पाहणे आवश्यक ठरते. नागाची हकीकत स्वतः स्कार कायॉनला सांगतो. पित्याच्या मृत्यूला तूच कारण, असे सिंबाला पटवून देणारा हाच तो स्कार! तो खोटे बोलू शकतो हे कथाविश्वानेच सिद्ध केलेले आहे. ‘मुफासा’तील कथा रफिकी कियाराला सांगतो, त्याचा भरवसा अधिक, परंतु तोही कथेतील पात्रच आहे. पात्राने सांगितलेली आणि कथनाने थेट दाखवलेली घटना यांचे प्रामाण्य समान नसते. पिल्लू मुलगा की मुलगी, या विसंगतीला मात्र अशी पळवाट नाही.

भाषेच्या अभ्यासकाला विशेष रुचावे असे उदाहरण पिक्सारच्या ‘मॉन्स्टर्स, इंक.’मध्ये (२००१) आहे. त्यात माइक सलीला थट्टेने म्हणतो की, चौथीत असल्यापासून तू माझ्या रूपावर जळतोस. या वाक्यात ‘आपली ओळख चौथीपासूनची आहे’ हे पूर्वगृहीत दडलेले आहे. वाक्य नकारार्थी करून पाहा. पूर्वगृहीत तसेच राहील. २०१३च्या ‘मॉन्स्टर्स युनिव्हर्सिटी’त मात्र दोघे विद्यापीठात प्रथमच भेटतात. दिग्दर्शक डॅन स्कॅनलन यांना ही विसंगती ठाऊक होती. शाळेतली भेट दाखवून पाहण्याचे प्रयत्नही झाले. परंतु मैत्री घडण्याची कथा त्यामुळे विस्कळीत होत होती, म्हणून ते वाक्य बाजूला ठेवण्यात आले. माझ्या मते हा निर्णय योग्य होता. ‘सात जन्मांची ओळख’ म्हणणाऱ्याकडे आपण मागील सहा जन्मांचा पुरावा मागत नाही.

मराठीच्या विद्यार्थ्याला येथे पाठभेदांची आठवण होईल. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना असंख्य हस्तलिखितांतील पाठ ताडून पाहिले. पण दोन्ही गोष्टी एक समजू नयेत. पाठभेद हे एकाच संहितेच्या निरनिराळ्या प्रतींतील भेद असतात, तेथे जुन्या पाठाचा शोध घेता येतो. कोपा आणि कियारा या दोन स्वतंत्र संहिता आहेत. त्यांच्या मुळाशी कोणताही हरवलेला पाठ नाही. तेथे अधिकृत कोणते हे हक्कधारक संस्था ठरवते, आणि तिने सोडून दिलेला कोपा वाचकांच्या आठवणीत मात्र राहतो.

त्या विद्यार्थिनीला मी इतकेच सुचवले की मुलीला ‘दोन्ही खोटे’ असे सांगू नका. ‘हे तुला कोणी सांगितले, आणि त्याने ते पाहिले होते का?’ असे तिलाच विचारा. पुढच्या सत्रात त्या हसत म्हणाल्या, “सर, ती म्हणते, स्कारचे तर मी काहीच ऐकणार नाही.”

स्वाध्याय : आपण पाहिलेला एखादा चित्रपट व त्यावर आधारित मालिका किंवा पूर्वकथा निवडा. त्यांतील एक विसंगती नोंदवून ती कथनाने दाखवली आहे की पात्राच्या तोंडी आली आहे, हे १५० शब्दांत स्पष्ट करा.